फावल्या वेळाची कमाई



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्रातील कितीतरी गावांनी ही प्रथा उचलली. माझ्यासारख्या दहावीनंतर कारखान्याची वाट धरलेल्या माणसास जे काही शिकावयास मिळाले, ते अशाच मांडवांतील मागच्या रांगेत बसून आणि युनियनच्या कचेरीतील एका मोडक्या कपाटातील पुस्तके वाचून. तेव्हा आज पुढे उभे राहून बोलताना थोडा संकोच वाटणे साहजिक आहे.

संयोजकांनी विषय विचारला, तेव्हा मी संप, करार किंवा बोनस यांपैकी काहीतरी सांगेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी म्हटले, "मला घोडबंदर रस्त्यावरच्या काही म्हाताऱ्यांच्या गप्पांविषयी बोलावयाचे आहे." ते हसले. म्हणाले, "गप्पांवर व्याख्यान?" मी म्हटले, होय. कारण माणसे सभेत जे बोलतात त्यापेक्षा बाकावर बसून जे बोलतात त्यात त्यांचा संसार अधिक दिसतो. आणि या गप्पांत मला कामगार चळवळीचा एक असा हिशेब सापडला, जो आमच्या कोणत्याही अहवालात आलेला नाही.

कापूरबावडीहून गायमुखाकडे जाणारा हा रस्ता आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. एका अंगास येऊरचे डोंगर, दुसऱ्या अंगास खाडी, आणि मध्ये आता तीस-तीस मजल्यांच्या इमारती. या रस्त्याच्या बाजूस, मानपाड्याच्या पुढे, एका बागेत संध्याकाळी सात-आठ वडीलधारी मंडळी जमतात. एक जण वागळे इस्टेटमध्ये टेस्टिंगवर होते, एक अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, एक टेलिफोन खात्यात, आणि एक कल्याणला रेल्वेच्या सिग्नल विभागात. नोकरीत असताना ही माणसे कळव्याला, नौपाड्यात, डोंबिवलीच्या चाळींत राहत होती. आता मुलांनी मोठी घरे घेतली, म्हणून ती या रस्त्यावर राहावयास आली. या सर्वांना जोडणारी गोष्ट म्हणजे रेडिओचे वेड. स्वतःच्या हाताने रेडिओ, अॅम्प्लिफायर बांधण्यात यांची उमर गेली. अजूनही प्रत्येकाच्या पलंगाखाली एक पत्र्याची पेटी आहे, आणि ते भंगार केव्हा जाणार, असा प्रश्न प्रत्येकाच्या घरात महिन्यातून एकदा निघतो.

त्यांच्या गप्पांचा क्रम ठरलेला असतो. आरंभ प्रकृतीपासून.

"काय अप्पा, शुगर किती आली?"

"एकशे ऐंशी. पण त्या यंत्राचा भरवसा नाही. बॅटरी उतरली की आकडा चढतो."

"मग बॅटरी बदलून पाहा."

"पाहिली. एकशे ब्याऐंशी आली."

मग गाडी यंत्रांवर येते. सुनेने घरभर एलईडीचे दिवे लावल्यापासून मध्यम लहरींवर नुसती खरखर येते, अशी टेलिफोनवाल्या नानांची तक्रार आहे, आणि ती शास्त्राला धरून आहे. त्या दिव्यांच्या आणि मोबाइलच्या चार्जरच्या आत वीज एका सेकंदात हजारो वेळा चालू-बंद होत असते; तिचा गोंगाट रेडिओ पकडतो. म्हणून नाना दिवे घालवून रेडिओ ऐकतात. सून विचारते, "बाबा, अंधारात का बसलात?" आता तिला काय सांगावे!

आणि शेवटी, काळोख पडू लागला की, मुलांचा विषय निघतो. कोणाचा मुलगा जर्मनीत मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. कोणाची मुलगी बंगळुरास चिपांची आखणी करते. नखाएवढ्या तुकड्यावर किती कोटी ट्रान्झिस्टर बसतात, ते तिचे वडील असे सांगतात की जणू त्यांनी रात्री बसून ते स्वतः मोजले आहेत. कोणाच्या नातीला ऑलिंपियाडच्या परीक्षेत पदक मिळाले. छायाचित्रे निघतात, मोबाइल हातोहात फिरतो.

मित्रहो, या कौतुकास हसू नये. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात व्यासपीठावर हार घालून घेतला नाही, त्याचे मानपत्र म्हणजे त्याचे मूल. परंतु या गप्पा ऐकताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मुलांच्या पगाराचा आकडा यांना तोंडपाठ असतो. स्वतः काय केले, ते मात्र कोणी सांगत नाही. यांच्यात एक जण परवानाधारक हौशी बिनतारी संदेशक आहेत. त्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागते. मोर्सची लिपी शिकावी लागे. ५ मे २००५ रोजी इस्रोने अशा हौशी मंडळींकरिता 'हॅमसॅट' नावाचा एक लहान उपग्रह सोडला होता. हे गृहस्थ डोंबिवलीच्या गच्चीवर स्वतः बांधलेला एरियल हाताने फिरवून त्या उपग्रहामार्फत दूरदेशीच्या लोकांशी बोलत असत. हे मला दोन वर्षांनी कळले, तेही दुसऱ्याकडून. त्यांच्या मुलीला पुण्यात कोणती बढती मिळाली, ते मात्र पहिल्याच दिवशी कळले होते!

ही विद्या यांना कोठे मिळाली? कॉलेजात नव्हे. आपल्या देशात या शास्त्राची परंपरा मोठी आहे. जगदीशचंद्र बोसांनी १८९५ साली कलकत्त्यास बिनतारी लहरींचे प्रयोग लोकांसमोर करून दाखविले, आणि गॅलेना नावाच्या खनिजाचा स्फटिक वापरून लहरी टिपण्याच्या त्यांच्या उपकरणास १९०४ साली अमेरिकेत पेटंट मिळाले. पुढे त्याच जातीचा स्फटिक, थोडी तार आणि कानाला लावावयाचा फोन एवढ्यावर हौशी मुलांनी बिनविजेचे रेडिओ बांधले. मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ साली सुरू झाले. परंतु कामगारांच्या घरांत रेडिओ आला तो फार उशिरा. व्हॉल्व्हचा रेडिओ महाग, शिवाय टपाल कचेरीतून त्याचा परवाना दरसाल काढावा लागे. अमेरिकेत १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला, आपल्याकडे १९५७ साली विविध भारती सुरू झाली, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सुटे भाग आवाक्यात आल्यावर, विकत घेता येत नाही तर बांधू, असे म्हणणारी पिढी निघाली.

ही मंडळी त्या पिढीच्या शेवटच्या रांगेतील. रविवारी ठाण्याहून गाडी पकडावयाची, दादरला बदलावयाची, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर जावयाचे, आणि फुटपाथवरच्या ढिगातून कंडेन्सर, कॉइल, स्पीकर निवडून आणावयाचे. दुकानदारालाच प्रश्न विचारून अर्धे शिक्षण व्हावयाचे. मुंबई केंद्र असो की सिलोन, आत आलेल्या प्रत्येक लहरीचे रूपांतर एकाच ठरावीक ४५५ किलोहर्ट्झच्या लहरीत करावयाचे आणि मग ती वाढवावयाची, ही रेडिओची युक्ती यांना कोणी फळ्यावर शिकविली नाही. बिघडलेल्या संचांतून ती त्यांनी स्वतः काढली. आणि एकाला कळले की दुसऱ्याला सांगावयाचे, असा रिवाज होता. मी अठराव्या वर्षी वागळे इस्टेटमधील एका लहान कारखान्यात लागलो, तेव्हा अशाच एका वडीलधाऱ्या कामगाराने मला जेवणाच्या सुट्टीत रेझिस्टन्सवरचे रंग वाचावयास शिकविले: काळा म्हणजे शून्य, तपकिरी एक, तांबडा दोन, नारिंगी तीन, पिवळा चार. तपकिरी, काळा, तांबडा असे पट्टे असले की एक हजार ओहम. त्याच गृहस्थाने मला पगाराची चिठ्ठीही वाचावयास शिकविली. दोहोंत फरक इतकाच, की रेझिस्टन्सवर लिहिलेले खरे असे!

तो कारखाना पुढे बंद पडला. असे अनेक पडले. जेथे भोंगे होत असत, तेथे आज मॉल आणि मनोरे आहेत. देणी हाती येण्यास वर्षे लागली. त्या काळात कितीतरी घरे कशावर चालली? घरधनिणींच्या शिवणकामावर, पोळीभाजीच्या डब्यांवर, आणि या पलंगाखालच्या पेटीवर. दिवसा मोर्चा, संध्याकाळी शेजाऱ्यांचे टीव्ही आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करणे. आज जर्मनीत असलेल्या त्या इंजिनिअरची अकरावीची फी टीव्हीच्या दुरुस्तीतून भरली गेली आहे. आपण ज्याला छंद म्हणतो, तो वेळेला संसाराचा टेकू झाला. ही झाली फावल्या वेळाची पहिली कमाई.

आता मी माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. हा फावला वेळ आला कोठून?

तो कोणी दान दिलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले, आणि आठवड्याची सुट्टी ठरलेली नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरविल्या, हजारो सह्यांचा अर्ज सरकारकडे पाठविला. त्यात मागण्या कोणत्या? रविवारची सुट्टी, आणि दुपारी अर्धा तास विसावा. रविवारची सुट्टी मिळावयास १८९० चा जून उजाडावा लागला. १९२२ च्या कायद्याने आठवड्याचे तास साठ झाले, १९३४ च्या कायद्याने चोपन्न. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना ते अठ्ठेचाळीसवर आणण्याचे विधेयक आले आणि १९४६ साली तो कायदा झाला. १९४८ च्या कारखाना कायद्याने तीच मर्यादा कायम ठेवली: आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, दिवसाला फार तर नऊ, आणि जादा कामास दुप्पट दर.

साठ वर्षे! एका रविवारापासून अठ्ठेचाळीस तासांपर्यंत पोहोचावयास या देशातील कामगारास जवळजवळ साठ वर्षे लागली. आणि मग ठाण्यातील एक टेस्टर संध्याकाळी साडेपाचला घरी येऊ लागला, चहा पिऊन पाटावर बसून सोल्डरिंगचा लोखंडी दांडा तापवू लागला, शेजारी त्याची मुलगी बसून राळेचा वास घेत विचारू लागली, "बाबा, हे काय?" बंगळुरास चिपांची आखणी करणारी ती हीच. तिची हुशारी तिची आहे, मेहनत तिची आहे, यात वाद नाही. पण बाप घरी होता, जागा होता, आणि तिला उत्तर देण्याइतके त्राण त्याच्यात उरले होते, हे लोखंड्यांच्या सह्यांच्या अर्जाचे फळ आहे. आमच्या अहवालांत वाढलेला महागाई भत्ता आला, बोनस आला. ही कमाई कोठे आली नाही, म्हणून मी म्हटले की हा हिशेब राहून गेला आहे.

कोणी म्हणेल, सगळ्याच कामगारांनी फावल्या वेळात रेडिओ बांधले नाहीत; पुष्कळांनी पत्ते कुटले, दारू प्याली. खरे आहे. परंतु ज्याला वेळ आहे तो त्याचे सोने करील किंवा माती करील. ज्याला वेळच नाही त्याच्यापुढे ही निवडच नाही. ज्यांच्या गिरण्या दिवसभर चालत, त्याच लाल बागेतून आणि परळातून शाहीर निघाले, नाटकमंडळ्या निघाल्या, भजनी मंडळे निघाली. ती सारी संध्याकाळची आणि रविवारची पिके आहेत.

आता आजची स्थिती पाहू. नाना सांगतात, मुलगा घरीच काम करतो, पण मला दिसत नाही. खोलीचे दार बंद. रात्री दहाला अमेरिकेतील साहेबांशी बोलणे सुरू होते. पगार बापाच्या कित्येक पट, पण तास किती, ते विचारले तर त्याला सांगता येत नाही. मोजलेच नाहीत! नातवाने आजोबांना विचारले, "बाबांचा छंद काय?" नाना गप्प राहिले.

आणि खाली दरवाजावर जो पहारेकरी उभा आहे, त्याचे तास मात्र मोजलेले असतात. बारा. या रस्त्यावर मी पुष्कळ पहारेकऱ्यांना विचारले आहे; बारा तासांची पाळी हीच तेथे रीत होऊन बसली आहे. जाण्यायेण्याचा वेळ धरला तर त्याचे मूल त्याला झोपलेलेच भेटते. म्हणजे सव्विसाव्या मजल्यावरचा इंजिनिअर आणि तळमजल्यावरचा पहारेकरी यांच्या पगारात जमीन-अस्मानाचे अंतर असले, तरी एका बाबतीत दोघे सारखेच कंगाल आहेत. दोघांनाही संध्याकाळ नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारापर्यंत नेण्याच्या दुरुस्तीस मान्यता दिली. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरपासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९४८ चा कायदा त्यांत विलीन झाला. सरकारपक्ष म्हणतो, आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम आहेत, जादा कामास कामगाराची संमती लागेल आणि दुप्पट दर मिळेल. हे मी लपवून ठेवीत नाही. परंतु ज्याचे घर हप्त्यांवर चालले आहे आणि ज्याची नोकरी कंत्राटावर आहे, त्याच्या संमतीला किती वजन असते, हे तीस वर्षे कामगारांत वावरलेल्या माणसास विचारा. आणि आठवड्याची बेरीज तीच राहिली तरी दिवस तोच राहत नाही. चार दिवस मूल झोपलेले पाहावयाचे आणि पाचव्या दिवशी त्याला एकदम सारे शिकवावयाचे, असे होत नसते. मुले रोज थोडी थोडी वाढतात.

या गप्पांतील आणखी एक प्रसंग सांगतो. एके दिवशी मुलांच्या पगाराच्या पॅकेजांचा विषय रंगला होता. रेल्वेच्या सिग्नल विभागातील भाऊ त्यात बोलत नव्हते. कोणीतरी विचारले, "भाऊ, तुमचा मुलगा काय करतो?" ते म्हणाले, "लिफ्टचं काम करतो," आणि पावसाचा विषय काढू लागले. मुलगा लिफ्ट दुरुस्तीवर कंत्राटी मेकॅनिक आहे. मला राहवले नाही. मी म्हटले, "मंडळी, जर्मनीतील मुलाने आज सुट्टी घेतली तर तुमचे काही अडणार नाही. भाऊंच्या मुलाने घेतली तर तुम्ही सव्विसाव्या मजल्यावर कसे जाणार?" सगळे हसले. मग अप्पांनी विचारले, "लिफ्टला दोन मजल्यांच्या बरोबर मध्ये थांबू नये, हे कळतं कसं हो?" भाऊ सांगू लागले. मुलाने त्यांना सर्व समजावून दिले होते. अर्धा तास ते बोलत होते, आणि सगळे कान देऊन ऐकत होते. तो अभिमान त्यांच्या पोटात होता. बाहेर येण्यास त्याला फक्त जागा मिळाली नव्हती.

म्हणून माझे सांगणे असे, की मुलांचे कौतुक जरूर करा, पण त्याचे माप पगाराचे नको. त्या मापाने आपण आपल्याच हातांच्या विद्येला हलके ठरवितो, आणि बाकावर शेजारी बसलेल्या मित्राला मुका करतो.

दुसरे सांगणे. तुमच्या पलंगाखालची पेटी भंगारात जाऊ देऊ नका, पण ती तशीच पडूनही राहू देऊ नका. बागेतील पहारेकऱ्याचा दहा-बारा वर्षांचा मुलगा एकदा या मंडळींच्या मागे येऊन उभा राहिला. अप्पांच्या हातात एक जुना रेझिस्टन्स होता. मुलाने विचारले, "याला रंग का लावलेत?" अप्पांनी त्याला दहा मिनिटांत दहाही रंग पढविले. दुसऱ्या दिवशी मुलगा आला तो सर्व आकडे न चुकता म्हणून दाखवीत. त्याच्या बापाला संध्याकाळ नाही. पण अप्पांपाशी संध्याकाळीच संध्याकाळी आहेत. आपल्या सोसायट्यांतून क्लबहाऊस नावाच्या मोठमोठ्या खोल्या आठवडाभर रिकाम्या असतात. रविवारी सकाळी दोन तास तेथे एक टेबल मांडा, दोन सोल्डरिंगचे दांडे आणि एक मल्टिमीटर ठेवा, आणि पहारेकऱ्यांच्या, धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या मुलामुलींना आत येऊ द्या. मात्र आत येऊ द्या, दाराशी उभे करू नका. त्यांच्यातून इंजिनिअर निघतील की लिफ्टचे मेकॅनिक, याची चिंता नको.

आणि तिसरे. तुमच्या इंजिनिअर मुलांना सांगा, तास मोजावयास शिका. तुमच्या आजोबा-पणजोबांनी ते मोजले, म्हणून तुमच्या बापाला संध्याकाळ मिळाली, आणि त्या संध्याकाळी तुम्ही घडलात. पहारेकऱ्याच्या बारा तासांचा प्रश्न आणि तुमच्या रात्रीच्या दहाच्या बैठकीचा प्रश्न एकच आहे. संघटना ही फक्त भोंग्याच्या कामगारांची गोष्ट आहे, असे समजू नका. सोल्डरिंग करणारे लोक 'ड्राय सोल्डर' म्हणतात: सांधा वरून जोडलेला दिसतो, पण आतून वीज जात नाही. एकाच इमारतीत वर-खाली राहणाऱ्या या दोघांचा सांधा आज तसाच आहे. तो पुन्हा तापवून घ्यावा लागेल. ते काम कोणा एका पुढाऱ्याचे नव्हे, ते तुमचे-आमचे सर्वांचे आहे.

मी सांगितले त्यात मोठे तत्त्वज्ञान नाही. बाकावरच्या गप्पांतून जे हाती लागले, ते आपल्यापुढे ठेवले.